एक धुरपता शिल्लक

सर्व माणसं समान आहेत, ही गोष्ट देशाने कायद्याने मान्य केली त्याला आता काही वर्षं झाली. परंतु ती समान पसरून राहत नाहीत, हा दोष कायद्याचा नसून माणसांचा आहे. कुठे एका खोलीत अकरा माणसं राहतात, तर कुठे अकरा खोल्यांत एकच माणूस राहतो आणि तोही उन्हाळ्यात पचमढीला जातो. अशा बेशिस्त वस्तीत समता आणायची तर एकतर माणसं हलवावी लागतात किंवा रेघा. माणसं हलवायला गेलं तर ती ओरडतात. रेघा ओरडत नाहीत, म्हणून आजवरची बरीचशी समता रेघांनीच आणलेली आहे.

करंजटोला नगरपालिकेने १९५३ साली आपल्या चार वॉर्डांच्या सीमा नव्याने आखून जी समता आणली, तिची हकीकत मी इथे देत आहे. (गोंदियाहून सुटलेली पॅसेंजर जिथे कोणी उतरत नसतानाही बराच वेळ थांबते, ते गाव आमचं.) मी स्वतः सीमा-समतोल समितीचा चिटणीस होतो, त्यामुळे ही हकीकत पूर्णपणे निःपक्षपाती आहे.

त्याआधीची स्थिती लाजिरवाणी होती. वॉर्ड नंबर एकमध्ये अध्यक्ष भैयाजींचं घर, भैयाजींची राईस मिल, भैयाजींची आमराई आणि २१२ माणसं. वॉर्ड नंबर चारमध्ये, म्हणजे टोल्यावरच्या काठच्या वस्तीत, विड्या वळणारे, धान कापणारे आणि तुकडाभर बांधीत धान लावणारे मिळून १,८८८. सभासद दोन्हीकडून एकेकच. म्हणजे आमराईतलं एक माणूस टोल्यावरच्या नऊ माणसांच्या तोलाचं होतं. भैयाजींना ही विषमता कधी बोचली नाही, कारण ते मनाने मोठे होते. टोल्याचे सभासद केवळराम यांना मात्र ती बोचली आणि त्यांनी नागपूरला अर्ज केला. केवळराम विडी कारखान्यात मुनीम असल्यामुळे त्यांना मोजायची सवय होती.

नागपूरहून हुकूम आला. चारही वॉर्डांची लोकसंख्या शक्यतो समान करावी, मोजणीच्या वेळी घरात आढळेल ते प्रत्येक डोकं मोजावं, अहवाल पाठवावा, तपासणीला अधिकारी येतील.

हुकूम वाचून भैयाजी सभेत उभे राहिले. त्यांचा चेहरा दुखावलेला होता.

“शक्यतो मतलब का?” ते म्हणाले. “सरकारला वाटून राहिलं का, का आपल्याच्यानं पुरं होत नाही? अपना हिसाब बराबर होना. एक डोकं इकडं जास्त नाही, एक डोकं तिकडं कमी नाही.”

टाळ्या पडल्या. सर्वात जोरात केवळरामांनी वाजवल्या, कारण आपला अर्ज इतका मनावर घेतला जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

आता प्रश्न आला मोजणीच्या दिवसाचा. समितीने त्यावर सखोल विचार केला. साध्या दिवशी आमच्या गावात कोणी घरी सापडत नाही. बायका बांधीत, पुरुष बाजारात, म्हातारे बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीवर आणि जे घरी असतात ते घरी नाही असं सांगतात. मग सगळं गाव घरी असतं असा वर्षातला दिवस कोणता? मंडईचा! दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. त्या दिवशी कोणी आपलं घर सोडत नाही, कारण सोडलं तर पाहुण्यांना वडे कोण घालणार? तेव्हा मोजणी मंडईच्या दिवशीच करावी, असं एकमताने ठरलं. या तर्कात मला त्या वेळी कुठे फट दिसली नाही आणि आजही बोट घालायला जागा सापडत नाही.

मोजणीचं काम शाळामास्तरांकडे दिलं. ते घरोघर गेले आणि प्रत्येक घरी वडे खाऊन बाहेर पडले. घरात आढळेल ते डोकं मोजावं, असा हुकूम स्पष्टच होता. त्यामुळे तिरोड्याचे जावई, आमगावच्या मावश्या, मावश्यांच्या जावा, जावांचे भाचे, दंडार खेळायला आलेली अख्खी मंडळी, शिंगाडेवाले आणि लग्नासाठी मुलगी बघायला आलेले लोक, हे सगळे मोजले गेले. (दंडारीत राणी होणारा गडी लुगडं नेसून तयार बसला होता, त्याची नोंद स्त्री म्हणून झाली आणि त्याने ती मनावर घेतली नाही.) आकाशपाळणा नेमका दोन आणि तीन वॉर्डांच्या मधोमध उभा होता. वर गेलेली माणसं दोनमध्ये आणि खाली असलेली तीनमध्ये धरावीत, असा तोडगा मास्तरांनी जागच्या जागी काढला.

एकूण बेरीज आली ४,४०१. मागच्या शिरगणतीत गावात २,९५० माणसं होती. इतक्या थोड्या काळात गाव दीडपट वाढलं, याबद्दल अध्यक्षांच्या अभिनंदनाचा ठराव झाला. अध्यक्षांनी त्याचं श्रेय नम्रपणे जनतेला दिलं.

मग रेघा. बैलाचे कासरे एकमेकांना बांधून लांब दोर केला, दोर ताणून त्यावरून चुना टाकत गेलो. सुरुवात गावाच्या मध्यापासून करायची आणि मध्य म्हणून भैयाजींचं घर धरायचं, यावर दुमत नव्हतं. मध्यावर कोणाचं तरी घर असावंच लागतं. त्यामुळे असं झालं, की भैयाजींच्या घराची चार दारं चार वॉर्डांत उघडू लागली आणि त्यांचे चौघे भाऊ जेवायला एका पंगतीत बसून चार वेगवेगळ्या वॉर्डांचे रहिवासी झाले. समतोल म्हणजे काय हे ज्याला पाहायचं असेल, त्याने ती पंगत पाहावी.

पुढे रेघ जिथे अकराशे डोकी भरतील तिथे न्यायची होती, त्यामुळे ती थोडी वाकडीतिकडी गेली. टोल्यावर सुमित्राबाईच्या घरातून गेली तेव्हा चूल चौथ्या वॉर्डात आली आणि देवघर तिसऱ्या. बकाराम म्हाताऱ्याच्या खाटेवरून गेली तेव्हा डोकं चौथ्यात आणि पाय तिसऱ्यात. हुकमात डोकी मोजा असं होतं, म्हणून बकाराम चौथ्यात धरला आणि उशी हलवू नये अशी त्याला समज दिली. तरीही चौथ्या वॉर्डात एक डोकं कमी पडत होतं आणि तिसऱ्यात एक जास्त होत होतं. सुमित्राबाईचा जावई घनश्याम तिसऱ्या वॉर्डात, देवघरापुढे पाटावर बसून जेवत होता. त्याचा पाट उचलून रेघेच्या अलीकडे, म्हणजे गोठ्याजवळ ठेवला, आणि भरती पूर्ण झाली. मंडईला बोलावून जावयाला बैलांशेजारी बसवलं, म्हणून घनश्याम वडा अर्धा टाकून तिरोड्याला निघून गेला. पण तो मोजणीनंतर गेला, त्यामुळे समितीची त्याबद्दल तक्रार नव्हती.

चारही वॉर्डांत आता अकराशे अकराशे डोकी झाली होती. दोराचं शेवटचं टोक आम्ही टोल्याच्या काठावरच्या मुंगन्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडाला बांधलं, हातावरचा चुना झटकला आणि मागे वळलो. तेवढ्यात झाडापलीकडून आवाज आला.

“अन् मी जी?”

ही धुरपता. मुंगन्याच्या पलीकडे तिचं एकटीचं घर, एक गाय आणि बोडीखाली अर्ध्या एकराची बांधी. लग्न होऊन आली तेव्हापासून ती तिथेच राहते. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरात पाहुणा होता, तिच्या घरात तेवढा कोणी नव्हता. चार वॉर्डांत ४,४०० बसले होते आणि बेरीज ४,४०१ होती. एक धुरपता शिल्लक राहिली होती.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आपापल्या गावी गेले. त्यामुळे समतोल बिघडला असं कोणी म्हणू नये म्हणून समितीने त्यांना तत्त्वतः रहिवासी ठरवलं. प्रत्यक्ष राहणाऱ्यांपेक्षा तत्त्वतः राहणारे रहिवासी नगरपालिकेला केव्हाही सोयीचे. ते कचरा करत नाहीत, दिव्याची मागणी करत नाहीत आणि सभेला येऊन ओरडत नाहीत.

समान माणसं झाल्यावर विहिरीवरही समान माणसं यावीत, हे ओघानेच आलं. म्हणून ज्या वॉर्डाची विहीर तिचं पाणी त्याच वॉर्डाला, असा नियम केला आणि चौथ्या वॉर्डाच्या विहिरीवर मंगरू चपराशाला बसवलं. विहिरीवर कोणाला पाणी द्यायचं नाही हे ठरवण्याचा आमच्या गावाला फार जुना सराव होता. आता त्याला आकडेवारीचा आधार मिळाला, एवढंच नवीन.

धुरपता दोन रिकामे गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, घेऊन नगरपालिकेत आली.

“माह्या सासरा या टोल्यावर मेला, नवरा या टोल्यावर मेला,” ती म्हणाली. “मंगरू मले विहिरीवरून हाकलून रायला. मी कोन्या वार्डातली आहो, तेवढं सांगा न जी.”

“बाई, तुम्ही कोणत्याच वार्डातल्या नाही,” भैयाजींनी शांतपणे समजावलं. “तुम्ही शिल्लक आहात.”

“शिल्लक म्हंजे?”

“हिसाब बराबर झाल्यावर जे उरते ते.”

“मंग पानी कोठचं पिऊ? मले तहान त बराबर लागते.”

भैयाजींनी केवळरामांकडे पाहिलं. टोल्याचे सभासद ते होते. केवळरामांनी रिकाम्या गुंडांकडे पाहिलं. मग म्हणाले, “काकी, या समतेसाठी मीच अर्ज केला होता. आता तुह्या एकटीसाठी मीच कसा मोडू?” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी स्वतः पाहिलं. पण ते धुरपताच्या गुंडात भरण्याइतकं नव्हतं.

समिती मात्र निर्दय नव्हती. तिने धुरपताच्या प्रश्नावर जितक्या बैठका घेतल्या तितक्या दिवाबत्तीवरही घेतल्या नाहीत. पहिली सूचना अशी आली, की तिला वर्षातून तीन-तीन महिने प्रत्येक वॉर्डात ठेवावं. पण मग ज्या तिमाहीत ती ज्या वॉर्डात, त्या तिमाहीत तो वॉर्ड एकाने भारी. सूचना फेटाळली. दुसरी सूचना गणिताच्या मास्तरांनी दिली. एक, दोन आणि तीन या वॉर्डांत एकेक मूल जन्माला आलं, तर तिथे अकराशे एक होतील आणि धुरपता चौथ्यात जाऊन तिथेही अकराशे एक होतील. सूचना सर्वांना पसंत पडली. तिन्ही वॉर्डांत दवंडी दिली, की सार्वजनिक हितासाठी प्रत्येकी एक मूल हवं आहे. चौथ्या वॉर्डाने मात्र तूर्त संयम पाळावा.

जनतेने, म्हणजे जिथे आधीच दिवस भरत आले होते त्या घरांनी, सहकार्य केलं. भैयाजींचे धाकटे बंधू भोजराज यांच्याकडे पहिल्या वॉर्डात मुलगा झाला. तिसऱ्या वॉर्डातही एक झाला. दुसऱ्या वॉर्डात रुख्माला मात्र जुळं झालं.

समितीने रुख्माला खेदाचं पत्र पाठवलं. आम्ही तिघे सभासद पत्र घेऊन गेलो तेव्हा ती खाटेवर बसून होती, दोन्ही मांड्यांवर एकेक.

“दोघंबी माह्येच आहेत,” ती म्हणाली. “तुमाले कोनतं जास्त वाटून रायलं ते दाखवा.”

आम्ही दोघांकडे नीट पाहिलं. दोघंही सारखीच रडत होती आणि समतेच्या दृष्टीने त्यांच्यात काही उणीव काढता येत नव्हती. शेवटी त्या साली जन्मलेल्या कोणालाही पुढच्या मोजणीपर्यंत जन्मलेलं समजू नये, असा ठराव करून ते प्रकरण मिटवलं. रुख्माने ठराव ऐकून घेतला आणि जन्म न झालेल्या दोघांना पाजायला घेतलं.

इकडे फाल्गुन गेला, चैत्र लागला. तोवर धुरपता बोडीचं पाणी आणत होती. बोडी आटत आटत मधोमध गाईच्या खुराएवढा चिखल राहिला. चौथ्या वॉर्डाची विहीर तिच्या अंगणातून दिसत असे आणि रहाट फिरला की आवाज येई. गाय तो आवाज ऐकून मान वर करी. मी त्या बाजूने जायचं सोडून दिलं होतं, कारण त्याने कामात लक्ष लागत नसे.

आणि मग अचानक आशा निर्माण झाली. बकाराम आजारी पडला.

जन्माने बिघडणारा हिशेब मरणाने जुळतो, हे इतके दिवस कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. चौथ्या वॉर्डातलं एक डोकं कमी झालं, की धुरपताला तिथे जागा. समिती रोज बकारामच्या समाचाराला जाऊ लागली. भैयाजी स्वतः येत आणि त्याला डोकं रेघेच्या अलीकडेच ठेवायची आठवण करत, कारण ऐन वेळी कूस बदलली तर जागा तिसऱ्या वॉर्डाला सुटण्याची भीती होती. इतकी माणसं आपली विचारपूस करतात हे पाहून बकारामला आधी गहिवरून आलं. मग त्याला संशय आला. मग त्याने केवळरामांना सरळ विचारलं आणि केवळराम स्वभावाने खरे असल्यामुळे त्यांनी सरळ सांगितलं.

“काऊन रे, मी मरावं म्हनून येऊन रायले का तुमी?” बकाराम म्हणाला. “नाई मरत जा!”

नुसत्या हट्टाने माणूस बरा होत नाही. त्याच्या घरात करायला कोणी नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा खाटेजवळ धुरपता बसली होती आणि त्याला तांदळाची पेज पाजत होती. पेजेला पाणी लागतं. ते तिने बोडीच्या चिखलात झिरा खणून, पदराने गाळून आणलं होतं.

मी तिला बाजूला घेतलं. “धुरपताबाई, हा वाचला तर तुमची जागा जाते, हे तुम्हाला कळतं ना?”

“कळते न जी. पन तो उपाशी आहे,” ती म्हणाली.

बकाराम आठवड्यात उठून बसला. आपल्या समावेशाच्या कामात अर्जदाराने स्वतःच अडथळा आणल्याची समितीने गंभीर दखल घेतली.

वैशाखात नागपूरहून पत्र आलं: तपासणी अधिकारी मोजणी पडताळायला येत आहेत. आता तत्त्वतः राहणारे १,४५१ रहिवासी प्रत्यक्ष दाखवणं भाग होतं. भैयाजी डगमगले नाहीत. पाहुणे मंडईला येतात, तेव्हा पुन्हा मंडई भरवा, असं त्यांनी सांगितलं. करंजटोल्याने वैशाखात मंडई भरवली. असा प्रकार झाडीपट्टीत आधी कधी झाला नव्हता. ऊस नव्हता म्हणून मागच्या हंगामातली चिपाडं रचून ठेवली. शिंगाडे वाळलेले आणले. दंडार दुपारच्या उन्हात उभी केली, तिच्यातली राणी दोनदा भोवळ येऊन पडली, तरी तिला उचलून तिच्याच वॉर्डात ठेवण्यात आलं. पाहुणे आले. वडे आहेत म्हटल्यावर आमच्याकडे पाहुणे ऋतू बघत नाहीत.

साहेबांनी पहिला वॉर्ड मोजला, अकराशे. दुसरा अकराशे. तिसरा अकराशे. प्रत्येक घरी त्यांना वडे खावे लागले आणि चौथ्या वॉर्डात शिरेपर्यंत त्यांचे डोळे जड झाले होते. तेवढ्यात सुमित्राबाई धावत आली.

“जावई नाई आले जी! गोठ्याजवळ बसवलं म्हनून रुसले, त अजून रुसूनच आहेत. तुमीच पाट सरकवला होता, आता तुमीच पाहा.”

चौथा वॉर्ड एकाने कमी! एवढ्या दिवसांची समता एका पाटापायी मोडायची वेळ आली. मग भैयाजींची नजर मुंगन्याकडे गेली आणि ते म्हणाले, “धुरपताले आणा.”

घनश्यामची समजूत काढायला सुमित्राबाईने नवा फेटा आणून ठेवला होता. तो धुरपताच्या डोक्यावरच्या पदरावर बांधला आणि तिला पाटावर बसवलं. यावेळी पाट देवघरापुढून न हलवता रेघच थोडी सरकवली, कारण जावयाचा मान आता समितीलाही कळला होता. साहेब आत आले.

“हे कोण?”

धुरपताने आमच्याकडे पाहिलं. मग विहिरीच्या दिशेने पाहिलं.

“मी या घरचा जावई आहो जी,” ती म्हणाली.

साहेबांनी मान वर न करता लिहून घेतलं. हुकमात डोकी मोजा असं होतं, चेहरे मोजा असं नव्हतं. चौथा वॉर्ड अकराशे! साहेबांनी शेरा दिला, की इतका काटेकोर समतोल त्यांनी आपल्या नोकरीत दुसरीकडे पाहिला नाही. तो शेरा आम्ही काचेत बसवून सभागृहात लावला आहे.

साहेब वळले तशी धुरपता पाटावरून उठली, घरी गेली आणि दोन्ही गुंड घेऊन फेट्यासकट विहिरीवर आली.

“कोन?” मंगरूने विचारलं.

“जावई.”

मंगरूने एकदा फेट्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग तो उभा राहिला आणि जावयाला पाणी ओढायला लावायचं नाही म्हणून त्याने स्वतः रहाट फिरवला. धुरपता आधी ओंजळ लावून प्याली. खूप वेळ प्याली. मग तिने गाईला आणून पाजलं, मग गुंड भरले, घरी रिकामे केले, परत आणले. संध्याकाळपर्यंत मंगरू पाणी ओढत होता आणि ती नेत होती. मला ते पाहून फार बरं वाटलं. सभेच्या इतिवृत्तात मी हे लिहिलेलं नाही.

संध्याकाळच्या पॅसेंजरने घनश्याम आला. नव्या फेट्याची बातमी तिरोड्यापर्यंत पोचली होती. त्याने आपला फेटा मागितला, तो धुरपताच्या डोक्यावरून काढून त्याला दिला आणि तो पाटावर बसला. चौथा वॉर्ड आता खऱ्या अर्थाने पूर्ण झाला होता. मंगरूने रहाटाला साखळी लावली. धुरपता मुंगन्याच्या पलीकडे गेली.

पुढे निवडणूक झाली आणि चार वॉर्डांतून भैयाजींचे चौघे बंधू निवडून आले. चौघांच्या मतांत फारसा फरक नव्हता, इतका समतोल साधला होता. केवळराम पडले. पडले तरी ते समाधानी आहेत, कारण आता त्यांना निवडणारा टोल्यावरचा माणूस आमराईतल्या माणसाच्या बरोबरीचा झाला आहे.

या गोष्टीला पाच-सहा वर्षं होऊन गेली. मध्यंतरी राज्याच्याच सीमा नव्याने आखल्या गेल्या, आमचा जिल्हा एका राज्यातून उठून दुसऱ्या राज्यात गेला, राजधानी नागपूरहून मुंबईला गेली. मुंगन्याची रेघ तिथेच आहे. दर उन्हाळ्यात धुरपता बोडीत झिरा खणते. बकाराम आपल्या वाट्याचं एक गुंड पाणी रोज मुंगन्याच्या बुंध्याशी ठेवून जातो. ते झाडाला घातलं जातं, असं समितीने धरलं आहे. पण एका गुंडात बाई आणि गाय दोघींचं भागत नाही.

तुम्हाला वाचून वाईट वाटलं असेल, वाचकहो. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, कारण त्या साली मंडईला तुम्हीही आला होतात. वॉर्ड दोन, आकाशपाळणा, वरचा पाळणा. आम्ही करंजटोल्याला कधी आलोच नाही, असं तुम्ही म्हणाल. बाकीचे १,४५० पाहुणेही तेच म्हणतात, वडे मात्र सगळ्यांना आठवतात. तुमचं डोकं आमच्याकडे मोजलेलं आहे, तुमची जागा राखलेली आहे आणि आमच्या विहिरीचा एक थेंबही तुम्हाला कधी लागलेला नाही. माझं नाव कमी करून तिथे धुरपताचं घाला, एवढी एक ओळ तुम्ही लिहून पाठवलीत, की रेघ जरा सरकवून तिला त्याच दिवशी पाणी देता येतं.

ही विनंती मी दर मंडईला सगळ्या पाहुण्यांना करतो. उत्तरं भरपूर येतात. जागा कोणी सोडत नाही, केव्हा लागेल सांगता येत नाही म्हणतात. पण धुरपताबद्दल सगळ्यांना मनापासून वाईट वाटतं. तुम्हालाही वाटलंच असेल. तसं कळवा, फायलीला लावून ठेवतो.